किमान वेतन: राजारामपुरीला एक दर, गांधीनगरला दुसरा. वाढ हद्द बघून का ठरते?

करवीर_रहिवासी

मंडळी, एक प्रश्न आहे. जाणकारांनी नीट समजावून सांगावं.

माझी भाची गांधीनगरच्या कापडाच्या होलसेल दुकानात कामाला आहे. तिची वर्गमैत्रीण राजारामपुरीत साड्यांच्या दुकानात. दोघींचं काम तेच: गठ्ठे सोडायचे, माल लावायचा, गिऱ्हाईक बघायचं. पण सरकारनं ठरवलेलं किमान वेतन दोघींचं वेगळं, कारण राजारामपुरी कोल्हापूर महापालिकेच्या हद्दीत आणि गांधीनगर ग्रामपंचायतीत. जुलै 2019 च्या अधिसूचनेत दुकानांमधल्या अकुशल कामगाराचं मूळ वेतन पहिल्या परिमंडळात (म्हणजे विभागात) 10,021 रुपये आहे, दुसऱ्यात 9,425 आणि तिसऱ्यात 8,828. म्हणजे काही किलोमीटरच्या अंतरात महिन्याला 1,193 रुपयांचा फरक.

गांधीनगरची उलाढाल सगळ्या जिल्ह्याला माहीत आहे. कोकणातले आणि सीमाभागातले व्यापारी तिथं येऊन ट्रक भरून नेतात. तिथलं दुकान 'खेड्यातलं' म्हणून कामगाराला कमी, हे मला पटत नाही.

माझे प्रश्न असे. ही विभागणी कशी होते? दर सहा महिन्यांनी वाढ होते म्हणतात, ती सगळीकडे सारखी असते का? आणि दुसऱ्या राज्यांत काय चालतं? आपल्या जिल्ह्याला कर्नाटक लागून, गोवाही जवळ, म्हणून विचारतोय.

तांबडा_पांढरा

व्हय की. शहराच्या वेशीवरच्या तावडे हॉटेलच्या अलीकडं-पलीकडं वडापाव एकाच दरात मिळतोय, गॅसची टाकी एकाच दरात येतीय, फक्त माणसाचा दर बदलतोय.

वकील_शाहूपुरी

करवीर_रहिवासी, मुद्देसूद विचारलंत म्हणून जरा सविस्तर लिहितो.

किमान वेतन कायदा 1948 चा. अनुसूचित रोजगारांसाठी, म्हणजे यादीतल्या धंद्यांसाठी, दर ठरवायचे आणि पाच वर्षांच्या आत त्यांचा फेरविचार करायचा, हे त्यात होतं. रेल्वे, खाणी, बँका यांच्यासाठी केंद्र दर ठरवतं, बाकी बहुतेकांसाठी राज्य. महाराष्ट्रात असे 67 रोजगार आहेत आणि प्रत्येकाची अधिसूचना वेगळी. त्यामुळे दुकानाचा दर फौंड्रीला, म्हणजे ओतकामाच्या कारखान्याला, लावता येत नाही. परिमंडळांची व्याख्याही त्या त्या अधिसूचनेत वाचावी लागते. ढोबळ रचना अशी की महापालिका पहिल्या परिमंडळात, मोठ्या नगरपालिका दुसऱ्यात आणि उरलेला भाग तिसऱ्यात.

यातली गंमत बघा. मुंबई महापालिका आणि कोल्हापूर महापालिका दोन्ही पहिल्या परिमंडळात. दादरच्या आणि राजारामपुरीच्या दुकानातल्या कामगाराचं किमान वेतन कागदावर सारखं. राज्य मुंबई आणि कोल्हापुरात फरक करत नाही, पण कोल्हापूर आणि गांधीनगरमध्ये करतं.

आता वाढीचं. वेतनाचे दोन भाग असतात. एक मूळ वेतन, जे अधिसूचनेनं ठरतं. दुसरा विशेष भत्ता, जो महागाई निर्देशांकाप्रमाणे 1 जानेवारी आणि 1 जुलैला बदलतो. केंद्राच्या अखत्यारीतल्या कामगारांसाठी हीच वाढ 1 एप्रिल आणि 1 ऑक्टोबरला होते. दुकानांच्या बाबतीत विशेष भत्ता तिन्ही परिमंडळांत सारखा आहे. फरक आहे तो मूळ वेतनात.

रोजंदारी काढायची असेल तर महिन्याच्या रकमेला 26 ने भागायचं, 30 ने नाही. पावती तपासताना हे लक्षात ठेवा, बऱ्याच ठिकाणी इथंच पैसे जातात.

करवीर_रहिवासी

वकीलसाहेब, आभार. म्हणजे दर सहा महिन्यांनी दोघींना सारखेच रुपये वाढणार, पण 1,193 रुपयांची दरी तशीच राहणार. बरोबर?

आकडेमोड

बरोबर. मी कॉलेजात अर्थशास्त्र शिकवते, थोडी भर घालते.

समजा विशेष भत्ता 4,000 रुपये आहे. मग राजारामपुरीत 14,021 आणि गांधीनगरात 12,828. भत्ता 200 रुपयांनी वाढला तर राजारामपुरीत साधारण 1.4 टक्के वाढ दिसते आणि गांधीनगरात 1.6 टक्के. उद्या कुणी छापेल, 'ग्रामीण भागात किमान वेतन शहरापेक्षा वेगानं वाढलं'. टक्क्यांत ते खरं असेल आणि रुपयांत दरी एक पैशानंही कमी झालेली नसेल. म्हणून प्रदेशांची तुलना करताना टक्के आणि रुपये दोन्ही मांडावेत असा माझा आग्रह असतो.

दुसरी गोष्ट निर्देशांकाची. औद्योगिक कामगारांचा ग्राहक किंमत निर्देशांक राज्यातल्या ठरावीक केंद्रांवर मोजला जातो: मुंबई, पुणे, नाशिक, नागपूर, सोलापूर वगैरे.  म्हणजे लक्ष्मीपुरीत डाळीचा भाव काय झाला, कळंब्यात खोलीचं भाडं किती चढलं, एवढ्यावरच आपला भत्ता ठरत नाही. दुसऱ्या शहरांच्या महागाईवरही आपली वाढ ठरते. माझ्या मते परिमंडळाइतकाच हा प्रश्न मोठा आहे, पण त्यावर कुणी बोलत नाही.

उद्यमनगर_फौंड्री

आता दुसरी बाजू ऐका. माझी छोटी फौंड्री आहे, वडिलांनी चालू केलेली.

कास्टिंगचा दर किलोवर ठरतो. पुण्याची गाडी कंपनी आमच्यासमोर कोइमतूर, राजकोट आणि बेळगावचं कोटेशन ठेवते आणि विचारते, यात बसतंय का? तिथं मजुरी वेगळी, विजेचा दर वेगळा. भट्टी विजेवर चालते, बिल बघितलं तर तुम्हाला चक्कर येईल. मध्यंतरी वीजदरावरून कोल्हापूरच्या उद्योजकांनी कर्नाटकात जायची भाषा केली होती ती उगाच नव्हती.

मुंबईत कारखान्याला मिळणारा भाव आम्हाला मिळत नाही. इथल्या माणसाला मुंबईसारखं भाडं भरावं लागत नाही. मग प्रदेश बघून दर वेगळा ठेवला तर त्यात अन्याय कसला? माझं तर मत आहे की कोल्हापूर मुंबईच्या परिमंडळात असणंच चुकीचं आहे.

आणि खरं सांगू का, चांगला मोल्डर, म्हणजे साचे करणारा कारागीर, आज किमान वेतनात मिळतच नाही. त्यापेक्षा जास्तच द्यावे लागतात.

शिरोली_मोल्डर

दादा, तुम्ही देत असाल तर तुमचं अभिनंदन, मनापासून. पण सगळीकडं तसं नाही.

मी ज्या कारखान्यात होतो तिथं (नाव घेत नाही) मोल्डरला बरा पगार होता. पण फेटलिंगला, कोअर शॉपला, वाळू भरायला सगळी ठेकेदाराची माणसं. फेटलिंग म्हणजे काय ते बाहेरच्यांना कळायचं नाही म्हणून सांगतो. कास्टिंग साच्यातनं निघालं की त्याला जागोजाग जादा लोखंड चिकटलेलं असतं. ते ग्राइंडर लावून उडवायचं. तोंडाला रुमाल, अंगावर ठिणग्या, संध्याकाळी नाक शिंकरलं की काळं येतं. या पोरांच्या पावतीवर किमान वेतन बरोबर लिहिलेलं असायचं. आठ तासाचं. प्रत्यक्षात काम बारा तास. ओव्हरटाइम दुप्पट दरानं द्यायचा कायदा आहे, इथं त्या बारा तासालाच आठ तासाचा आकडा लावायचे.

म्हणून मला वाटतं, वाढ किती टक्के झाली हे बघण्याआधी ती हातात पडते का ते बघा. जानेवारी-जुलैचा भत्ता वाढला की ठेकेदार हजेरीचे दिवस कमी दाखवायचा. बँकेत जमा व्हायचा आकडा तेवढाच.

वकील_शाहूपुरी

फौंड्रीसाहेबांच्या मुद्द्यावर एवढंच. मालकाची ऐपत हा निकष किमान वेतन ठरवताना लावायचा नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं 1961 मध्ये केरळच्या उनिचोयी खटल्यात स्पष्ट केलं. किमानच्या वरचं जे वेतन, तिथं ऐपत बघायची. आणि 1983 च्या राजस्थानातल्या दुष्काळी कामांच्या खटल्यात, किमान वेतनापेक्षा कमी पैशात काम करून घेणं ही घटनेच्या कलम 23 मधली वेठबिगारी ठरते, असा निकाल आहे. ऐपतीचा मुद्दा व्यवहारात खरा असेल, पण किमान वेतन कमी ठेवायला ते कारण चालत नाही.

उद्यमनगर_फौंड्री

कायदा मान्य, वकीलसाहेब. मी किमानच्या खाली देतोय असं म्हटलंच नाही. मी म्हणतोय की किमान कुठल्या खर्चावर ठरवता ते सांगा. मुंबईच्या की आपल्या शेजारच्या उचगावच्या?

आकडेमोड

खर्चाचं सूत्र आहे. 1957 च्या 15 व्या भारतीय श्रम परिषदेनं ठरवलं: कुटुंबाचे तीन उपभोग घटक धरायचे, प्रत्येकाला रोज 2,700 कॅलरी, कुटुंबाला वर्षाला 72 यार्ड कापड, घरभाडं, आणि इंधन-दिवाबत्ती व किरकोळ खर्चासाठी 20 टक्के. 1991 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं रॅप्टाकोस ब्रेट खटल्यात मुलांचं शिक्षण, औषधपाणी, सण, म्हातारपण यासाठी आणखी 25 टक्के धरायला सांगितले.

यात प्रदेशानुसार खराखुरा बदलणारा खर्च म्हणजे घरभाडं. बाकी तांदूळ, तेल, कापड, औषध यांचे भाव मुंबईत आणि उचगावात फार वेगळे नाहीत. मग भाड्याचा फरक भाड्यापुरता ठेवा. मूळ वेतनच कापायचं कशाला?

चंदगडी

तुम्ही शहराभोवतीच फिरताय. जरा आमच्याकडं या.

चंदगड तालुका म्हणजे एका बाजूला बेळगाव, दुसऱ्या बाजूला गोवा. आमच्याकडची निम्मी तरणी पोरं गोव्यात हॉटेलात नाहीतर बांधकामावर. कारण दर बघा. रोजगार हमीची मजुरी केंद्र सरकार राज्यवार जाहीर करतं.

2023-24: महाराष्ट्र 273, कर्नाटक 316, गोवा 322
2024-25: महाराष्ट्र 297, कर्नाटक 349, गोवा 356
2025-26: महाराष्ट्र 312, कर्नाटक 370, गोवा 378

कर्नाटकाशी फरक 43 वरून 52 आणि मग 58 रुपये झाला. दरवर्षी 'वाढ झाली' म्हणून बातमी येती आणि दरवर्षी आम्ही आणखी मागं पडतोय. शिवार एक, पाऊस एक, काजू एक. मधे फक्त हद्दीचा दगड.

आकडेमोड

चंदगडी, तुमचे आकडे अगदी योग्य जागी आलेत. यात एक जुनी गोष्ट जोडते. जानेवारी 2011 मध्ये जेव्हा ही मजुरी पहिल्यांदा निर्देशांकाला जोडली, तेव्हा महाराष्ट्राचा दर 127 होता आणि कर्नाटकाचा 125. म्हणजे आपण दोन रुपयांनी पुढे होतो.

नंतरची वाढ त्या त्या राज्याच्या शेतमजुरांच्या निर्देशांकावर ठरत गेली. त्या निर्देशांकाचं आधारवर्ष 1986-87. त्या काळात मजूर काय खात होता आणि कशावर खर्च करत होता, त्या यादीवर 2024 ची मजुरी ठरत होती. मोबाइल, गॅस, पोरांची फी, दवाखाना यांना त्यात नीट जागाच नाही. राज्याराज्यांतला थोडासा फरक वर्षानुवर्षं साठत गेला आणि 2025-26 मध्ये 58 रुपये झाला.

2024-25 चीच वाढ घ्या. उत्तर प्रदेशात 230 चे 237 झाले, 3 टक्के. गोव्यात 322 चे 356, साडेदहा टक्के. ज्याच्याकडे आधीच कमी होतं त्याला वाढही कमी. मग बिहार-उत्तर प्रदेशची पोरं शिरोलीत फेटलिंगला का येतात, याचं अर्धं उत्तर इथं आहे.

शिरोली_मोल्डर

खरंय मॅडम. माझ्या जोडीला बलियाचा एक पोरगा होता. तो म्हणायचा, गावात काम मिळेल तेवढेच दिवस, आणि मिळालं तरी पैसे कधी येतील सांगता येत नाही. इथं बारा तास का होईना, महिन्याला घरी पाठवता येतात. त्याला इथला कमी पगारही जास्त वाटायचा, आणि ठेकेदाराला ते चांगलं ठाऊक होतं.

निपाणीची_लेक

मी माहेरची निपाणीची, आता कागलात असते. आमच्या घरी आजी, आई दोघी बिडी वळायच्या. पान कापायचं, भिजवायचं, तंबाखू भरून गुंडाळायचं, दोऱ्यानं बांधायचं. मजुरी हजार बिड्यांवर. मालाचा तोटा पडला की मजुरीतनं कापायचे, आणि खराब म्हणून बाजूला काढलेल्या बिड्यांचा पैसा मिळायचा नाही.

राज्याराज्यांत मजुरी वेगळी असली की काय होतं ते बिडीनं फार आधी दाखवलंय. बिडीला कारखाना लागत नाही, यंत्र लागत नाही, सूप आणि कात्री पुरते. त्यामुळे एका राज्यात मजुरी वाढली की मालक पानाच्या आणि तंबाखूच्या गोण्या उचलून शेजारच्या राज्यात टाकतो. 1966 चा बिडी कामगार कायदा केरळनं लावायला घेतल्यावर मंगळूरच्या मालकांनी कण्णूरमधलं काम बंद केलं. हजारो माणसं बसून राहिली. मग त्यांनी 1969 मध्ये दिनेश बिडी ही स्वतःची सहकारी संस्था काढली, आणि ती चालवून दाखवली.

म्हणून मला वाटतं, एका राज्यानं एकट्यानं वाढवून भागत नाही. शेजारच्यांनाही निदान एका पातळीच्या वर यावंच लागेल, नाहीतर काम हद्द ओलांडून जातं आणि बायका घरी बसतात.

तांबडा_पांढरा

ताई, लई भारी लिहिलंसा. कण्णूरचं हे माहितीच नव्हतं.

धोटा_आणि_कांडी

इचलकरंजीतनं लिहितोय. आमची गोष्ट अजून तिसरीच.

2022 ला इचलकरंजीची महापालिका झाली. करवीर_रहिवासी म्हणतात त्या हिशेबानं आमच्या दुकानातल्या माणसाचं परिमंडळ बदलायला हवं. पण यंत्रमाग कामगाराला परिमंडळ कुणी विचारत नाही, त्याची मजुरी पिकावर (शेतातलं पीक नव्हे, कापडात विणलेला आडवा धागा). मीटरमागं इतके पैसे. माग चालला तर मजुरी. लाइट गेली, सूत खराब आलं, तार तुटायला लागली, की मीटर भरत नाही आणि मीटर नाही तर पैसे नाहीत. यात कामगाराचा दोष काय?

मालकाचीही अडचण आहे, ते मी नाकारत नाही. भिवंडी, मालेगाव, सुरत या सगळ्यांशी बाजारात टक्कर. पण दर वेळी मजुरीवाढीचं निघालं की 'भिवंडीत बघा' म्हणतात, आणि तिकडं भिवंडीत म्हणे 'इचलकरंजीत बघा' म्हणतात.

वकील_शाहूपुरी

धोटा_आणि_कांडी, एक कायदेशीर मुद्दा. 1948 च्या कायद्याच्या कलम 17 पासून चालत आलेला नियम असा की, ज्या कामाला वेळेवर आधारित किमान दर ठरलेला आहे, ते काम कुणी नगावर केलं तरी त्या वेळेच्या किमान दरापेक्षा कमी मजुरी देता येत नाही. पिकाचा दर काहीही ठरो, पाळी पूर्ण भरल्यावर खाली एक तळ आहेच. तो मागायला लोक जात नाहीत, कारण नोंद मीटरची असते, तासांची नसते.

पेठेतला_ओसाकात

मी मूळचा शिवाजी पेठेतला, नोकरीनिमित्त जपानात आहे. इथली पद्धत सांगितली तर तुलना करता येईल.

इथं किमान वेतन तासाचं असतं आणि प्रत्येक प्रीफेक्चरचं, म्हणजे प्रांताचं, वेगळं. केंद्राची समिती दरवर्षी उन्हाळ्यात मार्गदर्शक वाढ सांगते. त्यासाठी प्रांतांचे तीन गट केलेत, ए, बी आणि सी. मग प्रत्येक प्रांताची समिती आपला आकडा ठरवते. तिथं मालकांचे, कामगारांचे आणि तटस्थ असे तिन्ही प्रतिनिधी असतात.

2024 मध्ये टोकियोत तासाला 1,163 येन आणि सगळ्यात कमी अकिता प्रांतात 951. त्या वर्षी मार्गदर्शक वाढ होती 50 येन. पण तोकुशिमा नावाच्या एका छोट्या प्रांतानं 84 येन वाढवले, 896 चे थेट 980 केले. कारण तिथली तरुण पोरं शेजारच्या मोठ्या शहरांत निघून जात होती आणि दुकानांना माणसं मिळेनात. आणि 2025 मध्ये पहिल्यांदाच असं झालं की सी गटाला, म्हणजे मागासलेल्या प्रांतांना, सुचवलेली वाढ 64 येन होती आणि ए व बी गटाला 63. फरक फक्त एक येन, पण दिशा बघा. दरी कमी करायची असं ठरवून केलेलं आहे.

आपल्याकडे निर्देशांकाची वाढ आपोआप होते, ही चांगली गोष्ट आहे. पण दरी कमी करायचं काम निर्देशांक करू शकत नाही. ते कुणीतरी बसून ठरवावं लागतं.

चंदगडी

तोकुशिमाचं वाचून आमच्या तालुक्याची आठवण झाली. पोरं गेली म्हणून वाढवलं, हे आमच्याकडं कुणाला सुचणार?

कळंबा_रोड

मुद्दा हद्दवाढीचा आहे, कुणी बोलत नाही म्हणून मी बोलतो. कोल्हापूर महापालिका 1972 ची. हद्दवाढीचा वाद तेव्हापासून. गावं आत घेतली असती तर गांधीनगर, उचगाव, पाचगाव, सगळे कामगार आपोआप पहिल्या परिमंडळात गेले असते.

मोरेवाडीकर

आणि घरपट्टी पण आपोआप गेली असती पहिल्या परिमंडळात! आधी आहे त्या हद्दीत पाणी सोडा वेळेवर, मग आमच्याकडं या.

कळंबा_रोड

पाणी आणि रस्ते गावाला शहराचे पाहिजेत, आणि कर...

करवीर_रहिवासी

दोघांना हात जोडून विनंती, हद्दवाढीवर वेगळा धागा काढा, मीही तिथं येईन. पण एक बघा: ग्रामपंचायत राहायची की महापालिकेत यायचं, हा गावाच्या कारभाराचा निर्णय. दुकानातल्या पोरीच्या पगाराचा त्याच्याशी संबंध लावलाच का, हाच माझा मूळ प्रश्न आहे.

वसुधा_कदमवाडी

तुम्ही सगळे दुकान आणि कारखान्यांवर बोलताय. आमचं नाव कुठल्याच परिमंडळात नाही.

मी घरकाम करणाऱ्या बायकांच्या गटात काम करते. महाराष्ट्रात 2008 मध्ये घरेलू कामगारांसाठी कल्याण मंडळाचा कायदा झाला, चांगली गोष्ट झाली. पण किमान वेतनाच्या यादीत घरकाम नाही. शेजारच्या कर्नाटकात 2004 पासून घरकामाला किमान वेतनाचे दर आहेत. म्हणजे निपाणीत भांडी घासणाऱ्या बाईला कायद्यानं एक आकडा आहे आणि कागलात तेच काम करणाऱ्या बाईला आकडाच नाही.

तो आकडा तिकडं तरी प्रत्येकीला मिळतो असं मी म्हणणार नाही. पण मागायला काहीतरी हातात असतं. आमच्या बायका दिवाळीच्या आधी शंभर-दोनशे वाढवून मागतात, तर 'समोरच्या बिल्डिंगमध्ये काय देतात ते विचारते' असं उत्तर मिळतं. समोरच्या बिल्डिंगमध्येही हेच उत्तर मिळालेलं असतं.

निपाणीची_लेक

वसुधाताई, अगदी बरोबर. सीमेच्या दोन्ही बाजूंना राहिलेली बाई हे चांगलं ओळखते.

उद्यमनगर_फौंड्री

एवढं सगळं वाचल्यावर मला एक पटतंय. शेजारचं राज्य कमी मजुरीवर माल काढत असेल तर मी एकटा जास्त देऊन टिकणार नाही. म्हणजे देशभर एक तळ हवा हे माझ्याही फायद्याचं आहे. पण मग तो तळ सगळ्यांना बंधनकारक हवा. माझ्याकडं तपासणी आणि दुसऱ्याकडं मोकळीक, असं नको.

आकडेमोड

राष्ट्रीय तळ आहे, पण आजवर तो नुसता सल्ला होता. 1996 मध्ये दिवसाला 35 रुपयांपासून सुरुवात झाली आणि जून 2017 मध्ये 176 रुपये झाला. 2019 मध्ये अनुप सत्पथी समितीनं जुलै 2018 च्या भावांवर 375 रुपये सुचवले. त्याच अहवालात दुसरा पर्यायही होता: देशाचे पाच विभाग करून वेगवेगळे दर, 342 पासून 447 पर्यंत. महाराष्ट्र, कर्नाटक, गुजरात, केरळ आणि तमिळनाडू एकाच विभागात, 414 रुपये. गोवा मात्र दिल्ली-पंजाबच्या विभागात, 447. चंदगडी, तिथंही गोवा पुढेच आहे.

मला तो विभागांचा पर्याय आवडला होता, कारण त्यात कागल आणि निपाणी एका बाजूला येतात.

एकदम मोठी वाढ केली की काय होतं याचं उदाहरण दिल्लीचं. मार्च 2017 मध्ये अकुशल कामगाराचे 9,724 रुपये एका झटक्यात 13,350 केले. मालक कोर्टात गेले, 2018 मध्ये उच्च न्यायालयानं ती अधिसूचना रद्द केली, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि 2019 मध्ये नवीन अधिसूचना निघाली. नंतर भत्ता चढत गेला आणि एप्रिल 2025 मध्ये तिथं अकुशल कामगाराचे 18,456 रुपये झाले. सहा-सहा महिन्यांच्या भत्त्यावर बसून राहिले असते तर इथवर आले नसते.

वकील_शाहूपुरी

यात नवीन भर म्हणजे वेतन संहिता. संसदेत 2019 मध्ये मंजूर झाली आणि 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू आहे. 1948 चा कायदा तिच्यात विलीन झाला. त्यातल्या महत्त्वाच्या गोष्टी: केंद्रानं तळ-वेतन ठरवायचं आणि कुठल्याही राज्याला त्याखाली जाता येणार नाही. हा तळ भौगोलिक भागानुसार वेगळा ठेवायची मुभा केंद्राला आहे. राज्याचा दर आधीच त्यापेक्षा जास्त असेल तर तो खाली आणता येणार नाही. आणि अनुसूचित रोजगारांची यादी ही अटच गेली, किमान वेतनाचा हक्क सगळ्याच कर्मचाऱ्यांना. जुन्या अधिसूचना संहितेशी विसंगत नसतील तोवर चालू राहतात, त्यामुळे परिमंडळं एका रात्रीत गेली असं समजू नका.

थकबाकीचा दावा करायची मुदत आता तीन वर्षं आहे. पूर्वी ती सहा महिने होती. शिरोली_मोल्डर, तुमच्या ओळखीच्या पोरांना हे जरूर सांगा.

शिरोली_मोल्डर

सांगतो साहेब. पण ठेकेदार बदलला तर दावा कुणावर करायचा?

वकील_शाहूपुरी

ठेकेदारानं वेतन बुडवलं तर देण्याची जबाबदारी मूळ कंपनीवर येते. पोरांना गेटपास, हजेरीचा फोटो, मोबाइलवरचे पाळीचे मेसेज जपून ठेवायला सांगा. पावती नसली तरी यावर काम होतं.

करवीर_रहिवासी

सगळ्यांचे आभार. काल भाचीची पावती घेऊन बसलो. मूळ वेतन तिसऱ्या परिमंडळाचं बरोबर आहे, पण जुलैचा भत्ता लावलेलाच नाही, जानेवारीचाच चालू आहे. शिवाय रोजचा दर काढताना 30 ने भागलंय. परिमंडळाचा वाद राहू दे बाजूला, आहे त्या परिमंडळाचे पैसेही पूर्ण येत नाहीत. सोमवारी ती आणि तिच्याबरोबरच्या दोघी मिळून मालकांशी बोलणार आहेत. आधी बोलणं, मग अर्ज.

माझं मत मात्र तेच राहिलं. भाड्यापुरता फरक ठेवायचा तर ठेवा, आकडेमोड मॅडम म्हणतात तसा. पण मूळ वेतन आणि वाढ जिल्ह्याभरात एक असावी.

उद्यमनगर_फौंड्री

जिल्हाभर एक म्हणाल तर चंदगड आणि कोल्हापूर एकच होईल. आजऱ्यातला छोटा काजूवाला काय करणार?

चंदगडी

काजूवाल्याला गोव्याचा दर देऊनच माणूस थांबवावा लागतोय, दादा. या एकदा सीझनला, दाखवतो.

वसुधा_कदमवाडी

करवीर_रहिवासी, सोमवारी काय झालं ते इथं लिहा. आणि वकीलसाहेब, संहितेत 'सगळे कर्मचारी' म्हटलंय, त्यात घरकाम येतं का? खाजगी घर हे आस्थापना धरतात की नाही, एवढं नक्की सांगा. रविवारी आमची बैठक आहे, बायका विचारणार.